किल्लेदार बार्कर

"लिहा," डबीर वकील म्हणाले, "बार्कर घराणं हे इंग्लंडातल्या एका पुरातन किल्ल्याचं वंशपरंपरागत किल्लेदार घराणं. पूर्णविराम."

मी लिहिलं आणि विचारलं, "कुठल्या किल्ल्याचं, साहेब?"

"पुरातन म्हटलंय ना? पुढं चला."

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. शेलगाव कॅम्पातल्या बार्कर इन्स्टिट्यूटला शंभर वर्षं होत होती आणि तिची स्मरणिका निघायची होती. इन्स्टिट्यूट म्हणजे एक लांबलचक हॉल, उंदरांनी कापड खाल्लेलं एक बिलियर्डचं टेबल आणि काचेच्या कपाटांत बंद असलेली तीन हजार इंग्रजी पुस्तकं. बार्कर नावाच्या कुठल्याशा कॅप्टननं ती उभारली. इंग्रज गेले आणि गावातले वकील, डॉक्टर, निवृत्त मामलेदार तिथल्या वेताच्या खुर्च्यांत जाऊन बसले, ते उठलेच नाहीत. आयत्या बिळावरच्या या नागोबांना बार्करचा अभिमान केवढा! मुलीचं स्थळ सांगताना म्हणायचे, "मुलाचे आजोबासुद्धा बार्करचे मेंबर होते हो." ऐकणाराही लगेच सावरून बसायचा.

बाजारपेठेला मात्र बार्कर हा इंग्रज होता हेच माहीत नव्हतं. माझी दाढी करणारा न्हावी एकदा म्हणाला, "हे बार गाव कुठं आलं हो? कोकणात?" जसे नगरकर, पुणेकर, तसे हे बारकर. मला त्याचं बोलणं मेंबरांपेक्षा शहाणपणाचं वाटलं होतं.

या मंडळींचे म्होरके डबीर वकील. संस्थेचे सेक्रेटरी. नवा माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला ते स्वतःच्या आडनावाचा अर्थ सांगत. डबीर म्हणजे राजाचा पत्रव्यवहार पाहणारा. ते स्वतः मात्र दोन ओळींचं पत्रसुद्धा माझ्याकडून लिहून घेत.

मी तिथं दोन वर्षं हंगामी ग्रंथपाल होतो. प्रल्हाद बोरखेडकर. कायम करण्याचा कागद शताब्दीच्या समारंभात, स्टेजवर, पाहुण्यांच्या हस्ते मिळेल असं डबीरांनी सांगून ठेवलं होतं. त्या कागदासाठी मी त्यांचे किल्ले, बुरूज, वंशपरंपरा सगळं मुकाट्यानं उतरवून घेत होतो.

मला नोकरीवर घेतानाची मुलाखत आठवते. पुस्तकांबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

"बोरखेडकर म्हणजे बोरखेडचे. बरं. मूळ आडनाव? कुलकर्णी की देशपांडे?"

"आम्ही पहिल्यापासून बोरखेडकरच लावतो."

"अस्सं. गोत्र?"

आपल्याकडे आडनावातून पत्ता लागला नाही तर गाव विचारतात आणि गावातूनही लागला नाही तर गोत्र. त्याची मला कल्पना होती. "काश्यप," मी म्हणालो. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, हे शास्त्र मी अशाच वेळेसाठी पाठ करून ठेवलं होतं. डबीर खूश झाले. त्यांना वाटलं, माणूस ओळखला.

स्मरणिकेचा मजकूर छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी उगाच एक उद्योग केला. शेवटच्या कपाटात इंग्रजी आडनावांचा एक जाडजूड कोश होता. त्याची पानंही कुणी फाडून सुटी केली नव्हती. मी सुरीनं पानं मोकळी केली आणि 'बार्कर' काढलं. दोन अर्थ दिले होते. पहिला अर्थ, झाडाची साल सोलून तिच्या पाण्यात कातडी कमावणारा. दुसरा, मेंढपाळ. किल्ल्याचा कुठं उल्लेखही नव्हता.

पहिला अर्थ मी तीनदा वाचला. बोरखेडकर हे नाव मी कॉलेजात असताना गॅझेटात छापून घेतलं होतं. त्याआधी आम्ही खरटमल. आमच्या जिल्ह्यात खरटमल म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल, हे ढोर, कातडी कमावणारे. माझे वडील, आबा, पन्नाशीपर्यंत हेच करत होते. चुन्यात भिजवलेलं कातडं तिरक्या ओंडक्यावर टाकायचं, दोन मुठींच्या सुरीनं त्याचं मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात ते मुरवायचं. त्या पाण्यानं त्यांचे हात मनगटापर्यंत तांबडेकाळे झाले होते आणि नखं काळी. धंदा सोडून वीस वर्षं झाली तरी तो रंग गेला नव्हता.

मी कोश डबीरांपुढे ठेवला. का ठेवला? त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं, दुसरं काही नाही.

त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "हे काय भलतंच!"

"खाली दुसरा अर्थही आहे, साहेब. मेंढपाळ."

"मेंढपाळ..." ते जरा सावरले. "मेंढपाळ चालेल का? येशूसुद्धा..." मग एकदम मान हलवून म्हणाले, "छे छे. मेंढपाळ म्हणजे धनगरच की हो! ते नको. किल्लेदारच ठीक आहे."

"पण कोशात तसं—"

"अहो बोरखेडकर, कोश कोण वाचतो? दोन वर्षांत एक पुस्तक तरी कुणी नेलंय का?" इथं ते पहिल्यांदाच खरं बोलले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "शंभर वर्षं आपण ज्या नावानं मिरवतो, ते ढोराचं निघावं? आपल्या खुर्चीवर ढोराचं नाव, आपल्या कपबशीवर ढोराचं नाव! तुमच्यासारख्या घरातल्या माणसाला कसं वाटतं, तुम्हीच सांगा."

मी हसलो. आज इतक्या वर्षांनीही ते हसू मला माझ्या तोंडावर जाणवतं. चांगलं मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "अगदी खरंय, साहेब."

त्यांनी कोश स्वतःच्या खणात टाकून कुलूप लावलं. "आणि हे बघा, बाई इंग्रजीत बोलणार. त्यांचं भाषण मराठीत तुम्ही सांगायचं. काय सांगायचं, काय नाही, हे तुम्हाला कळतं."

बाई म्हणजे मिस विनिफ्रेड बार्कर. कॅप्टनच्या धाकट्या भावाची नात. तिचं पत्र आल्यापासून संस्थेत लग्नघर झालं होतं. भिंतींना चुना, खुर्च्यांना नवे वेत, आणि दारावर ढाल-तलवारीचं चिन्ह. ते चिन्ह एका सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यानं काढलं होतं. त्यातला सिंह हसत होता.

समारंभाच्या सकाळी आबा गावाहून आले. मी बोलावलं नव्हतं.

"कागद घेताना बघतो तुला एक डाव," ते म्हणाले. "मागच्या मागं जातो."

नको म्हणायला तोंड उघडलं नाही. पण सूचना देताना ते चांगलं उघडलं. शेवटच्या रांगेत बसा. कुणी नाव विचारलं तर बोरखेडकर सांगा. आणि हात उपरण्याखाली ठेवा.

आबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "बरं. आनि कुनी इचारलं, तुमी ह्याचं कोन, तर?"

"कुणी विचारणार नाही."

"मंग ठीक हाय."

हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत मेंबर, मागे गावातले लोक, आणि अगदी शेवटी, दाराजवळ, आबा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि दोन्ही हात उपरण्याखाली. थंडी वाजल्यासारखे बसले होते. एप्रिल महिना होता.

मिस बार्करला पाहून पुढच्या रांगेचा हिरमोड झाला. त्यांना राणीसारखी कोणी हवी होती. ही सत्तरीची, रुंद खांद्यांची, लालबुंद बाई, पायात मळके कापडी बूट. हार घातला तर तिनं लगेच काढून नाकाशी नेला आणि खळखळून हसली. डबीरांनी अर्धा तास भाषण केलं. किल्लेदार घराणं, रक्तातलं शौर्य, नाव तसे गुण. बाईला त्यातलं 'बार्कर' तेवढं कळत होतं आणि प्रत्येक वेळी ती मान डोलवत होती.

मग ती उठली. मी तिच्या बाजूला उभा राहिलो.

पुढच्या रांगेला उत्तम इंग्रजी येतं हा गावात चाळीस वर्षांचा समज होता. तो पाच मिनिटांत निकालात निघाला. बाई इंग्लंडच्या उत्तरेकडची. तिचं बोलणं वेगळं, शब्द अर्धे गिळलेले. मला तिच्याबरोबर सकाळभर फिरल्यामुळे ते कळायला लागलं होतं. निवृत्त मामलेदार भलत्याच ठिकाणी हसले आणि त्यांचं पाहून सगळी रांग हसली.

बाई म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी दारावर सिंह काढलात, आभारी आहे. पण आमच्याकडे सिंह नव्हता. कातडी होती. बार्कर म्हणजे कातडी कमावणारे. ओकच्या झाडाची साल काढायची, खड्ड्यात घालायची. आमच्या बाजूचा वारा आला की गावातले लोक खिडक्या लावून घ्यायचे."

आणि तिनं ते करून दाखवलं. स्टेजवरच, जरा वाकून, दोन्ही मुठी समोर धरून, तिरक्या ओंडक्यावरून खाली खरवडल्यासारखं. एकदा, दोनदा, तीनदा.

डबीरांना शब्द कळले नव्हते, पण त्यांची नजर माझ्यावर होती. त्यांच्या मांडीवर माझ्या कायमच्या कागदाचं पाकीट होतं.

मी माइक जवळ घेतला. "पाहुण्या म्हणतात की, आपण दारावर सिंह काढलात, त्याबद्दल त्या आभारी आहेत. त्यांच्या घराण्यात... शस्त्रं सांभाळण्याची परंपरा होती. पूर्वज तलवारींना धार कशी लावत, ते त्यांनी आत्ता दाखवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईनं कौतुकानं हॉलकडे पाहिलं. कातडी कमावणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवणारं गाव तिनं पहिल्यांदाच पाहिलं असणार.

ती पुढं बोलली, आता सावकाश. "कॅप्टनला आमची लाज वाटायची. तो लष्करात गेला आणि इकडे सगळ्यांना सांगत सुटला की आमचा किल्ला आहे. माझ्या पणजीला, म्हणजे त्याच्या आईला, त्याचं एकही पत्र आलं नाही. त्याला आमचा वास यायचा. तो एवढ्या लांब येऊन कुठं लपला होता, ते बघायला मी आले."

मी म्हणालो, "कॅप्टनसाहेबांना घरची, विशेषतः आईची, फार आठवण यायची. त्यांची ही कर्मभूमी पाहायला त्या आल्या आहेत."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदरानं डोळे टिपले.

त्याच वेळी माझं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. आबांचे हात उपरण्याबाहेर आले होते. दोन्ही मुठी समोर धरून ते बसल्या जागी हलकेच खाली-वर करत होते. बाईनं दाखवलं तसं. नाही, बाईपेक्षा बरोबर. शेजारचा माणूस त्यांच्या हातांकडे बघत होता, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला कागद मिळाला. बाईनं तो दिला, हात मिळवला, फोटो निघाला. तो कागद खिशात गेला आणि आता मला त्या नोकरीतून कोणी काढू शकत नव्हतं. पुढं जे झालं त्याला पोटाची सबब नाही, म्हणून हे सांगतो.

चहाच्या वेळी बाई स्टेजवरून उतरली ती थेट शेवटच्या रांगेकडे निघाली. मागे डबीर, डबीरांमागे मी. आबा उठून उभे राहिले. बाईनं काही न बोलता त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ते उलटे केले, सुलटे केले, नखांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आजोबांचे हात असेच होते. हुबेहूब. हे कोण आहेत?"

डबीरांनीही मराठीत तेच विचारलं. "कोण हो हे, बोरखेडकर? तुमच्याजवळ सकाळी दिसले होते."

इंग्रजीत मी बाईला म्हणालो, "हे कातडी कमावत होते." तेवढं खरं तिच्याशी बोललो, कारण ते दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं.

आणि डबीरांना म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत. ओळखीचे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग डबीरांना म्हणाले, "व्हय. वळखीचा हाय म्या."

"असं होय! छान, छान. चहा घ्या हो," डबीर म्हणाले आणि बाईला खुर्च्या दाखवायला घेऊन गेले. आबांनी चहा घेतला नाही.

एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. बसला वेळ होता. आबा म्हणाले, "बाईनं कातडं कवा खरवडल्यालं न्हाई. लहानपनी बघितल्यालं हाय नुसतं. सुरी लई उभी धरत व्हती. अशानं कातडं फाटतंय."



"तलवारीला धार लावत्यात म्हनं." ते हसले. "खरं काय म्हनली, ते सांग आता."

मी सगळं सांगितलं. सिंह, साल, खिडक्या, कॅप्टनचा किल्ला, त्याला येणारा वास. पण आता त्याचा काय उपयोग? सांगायची जागा मागं पडली होती.

आबांनी मन लावून ऐकलं. "मंग त्याच्या आईनं काय केलं?"

"ते नाही सांगितलं बाईंनी."

"इचारायचंस की."

बस आली. पिशवी घेऊन ते चढले. मी कागद खिशातून काढला होता, तो दाखवायचा राहून गेला. त्यांनीही मागितला नाही.

मी बार्करमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. डबीर गेले, त्यांचा मुलगा सेक्रेटरी झाला. स्मरणिकेतलं किल्लेदार घराणं संगमरवरावर कोरलं गेलं, त्याचा मजकूरही मीच तपासून दिला. त्या सगळ्या मेंबरांचा मला तेव्हाही तिटकारा होता, आजही आहे. खुर्चीच्या नावावर मोठे झालेले ते पोकळ लोक. पण त्यांच्यात माझ्याएवढं मराठी आणि इंग्रजी दोन्ही कळणारा कोणी नव्हता, आणि त्यामुळे माझ्याएवढं खोटंही त्यांच्यातल्या कोणाला बोलता आलं नाही.

आबा परत शेलगावला आले नाहीत. मी वर्षातून दोनदा जाऊन यायचो. ते नीट बोलायचे, जेवायला घालायचे, टोचून एक शब्द कधी बोलले नाहीत. शेवटची सहा वर्षं ते बार्शीला माझ्या बहिणीकडे होते, आणि तिथंच गेले.

मातीला गेलो तेव्हा बहिणीच्या गल्लीत मला ओळखणारं कोणी नव्हतं. दारात चपला काढत होतो. शेजारची एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"शेलगावचं का तुमी?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हातारा सांगायचा नेहमी. शेलगावात एक जन हाईत म्हनायचा, पुस्तकं सांभाळत्यात, लई हुशार हाईत. वळखीचं हाईत म्हनायचा." ती जरा पुढं झुकली. "तुमीच का ते?"

"हो," मी म्हणालो. "मीच."